चोकच्या दांडीचा इतिहास

१/ पुण्यातील डिसेंबरच्या पहाटे प्रीमियर पद्मिनी चालू करणे ही एक परीक्षाच असे. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीचे १०८९ सीसीचे इंजिन मूळचे इटलीच्या फियाट ११०० चे.

२/ दोष तत्त्वातच होता. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी फवारा-कार्ब्युरेटर सिद्ध केला. त्यात हवेच्या ओढीने पेट्रोल खेचले जाते. परंतु थंड धातूवर पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही. म्हणून चोक ओढून हवा रोखायची व मिश्रणातले पेट्रोल वाढवायचे.

३/ जाणता मेकॅनिक प्रथम विचारी : गाडी थंड असताना अडते की तापल्यावर? थंड असताना अडली, तर चोक वा बॅटरी संशयित. तापल्यावर अडली, तर पेट्रोलच्या नळीत वाफ कोंडलेली, किंवा इंजिनात पेट्रोल जादा झालेले. आठवडाभर उभी असेल, तर फ्लोट चेंबर कोरडे पडलेले.

४/ मग स्पार्क प्लग काढायचा. कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल, तर पॉइंट, कंडेन्सर व ठिणगी तपासायची.

५/ मात्र चोकचा हा उपायच कार्ब्युरेटरला भोवला. जादा पेट्रोल अर्धवट जळून धुरावाटे बाहेर पडे. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यात १९६६ पासून आहे. २००० मध्ये धुराचे निकष कडक झाले आणि नव्या मोटारींत फ्युएल इंजेक्शन रूढ झाले.

६/ इंजिनाचे तापमान आता सेन्सर ओळखतो. प्लग पाहून दोष सांगणारे हात मात्र विरळ होत आहेत; त्यांचे ज्ञान नोंदवून ठेवणे हेही इतिहासलेखनच.