फादर स्टीफन्स यांची परभाषासाधना

परभाषा अवगत करणे आणि परभाषेत काव्यरचना करणे या दोन भिन्न कोटींतील क्रिया होत. पहिलीस व्याकरण, शब्दसंग्रह व नित्याचा सराव पुरेसा होतो. दुसरीसाठी त्या भाषेच्या वाङ्मयपरंपरेत प्रवेश मिळवावा लागतो. हा भेद विशद करणारे मराठीच्या इतिहासातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ होय.

इंग्लंडातील विल्टशर परगण्यात जन्मलेले स्टीफन्स १५७५ मध्ये रोम येथे जेसुइट संघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते गोव्यास पोहोचले व पुढील आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी साष्टी प्रांतात घालविला. ‘क्रिस्तपुराण’ साष्टीतील राशोल येथे छापले गेले ते १६१६ मध्ये. म्हणजे आगमनानंतर तब्बल ३७ वर्षांनी. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथामागे एवढी दीर्घ उमेदवारी होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

या उमेदवारीत त्यांनी एक नव्हे, तर दोन भाषा आत्मसात केल्या. भारतीय भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण त्यांनी १५८३ मधील पत्रात नमूद केले आहे. त्यांनी व्याकरण रचिले ते कोंकणीचे; ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. १६२२ मध्ये प्रसिद्ध झालेली धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरीही कोंकणीतच आहे. परंतु पुराण रचावयाचे ठरले तेव्हा त्यांनी मराठीचा आश्रय केला. व्यवहारात कोंकणी बोलणाऱ्या समाजाची ग्रंथभाषा त्या काळी मराठी होती, हे त्यांनी अचूक हेरले होते. मात्र शुद्ध मराठी सामान्य श्रोत्यांस दुर्बोध होईल म्हणून आपण तीत कोंकणीतील सुलभ शब्द मिसळले, असा खुलासा त्यांनी प्रस्तावनेत केला आहे. असा निर्णय केवळ व्याकरणाच्या बळावर घेता येत नाही. कोणती भाषा कोणत्या प्रसंगी शोभते, याची समाजमान्य जाण त्यासाठी अंगी मुरावी लागते.

ग्रंथाची घडणही याचीच साक्ष देते. विषय सर्वस्वी बायबलमधील. परंतु आरंभीचे नमन, साडेतीन चरणांची ओवी आणि श्रोत्याच्या पृच्छेतून कथेस चालना देण्याची पद्धती ही सर्व मराठी पुराणकाव्याची लेणी आहेत. मराठीच्या सुप्रसिद्ध स्तुतीत योजलेली हिरा, मोगरा, कस्तुरी व मयूर ही उपमानेही येथील काव्यसंकेतांतूनच आलेली आहेत. ख्रिस्ती स्वर्गास ते ‘वैकुंठ’ म्हणतात. या शब्दाबरोबर विष्णुभक्तीचे शतकानुशतकांचे संस्कार वाहत येतात, हे जेसुइट धर्मोपदेशकास अज्ञात असणे शक्य नव्हते. तरीही त्यांनी तो स्वीकारला. कारण परका शब्द बुद्धीस अर्थ सांगू शकला, तरी श्रोत्याच्या मनात भाव जागृत करण्यास तो असमर्थ ठरला असता.

येथेच या साधनेतील मूलगामी विसंगती दृष्टोत्पत्तीस येते. ज्या परंपरेपासून स्टीफन्स काव्य शिकले, तिचा उच्छेद त्यांच्याच धर्मसंस्थेच्या आश्रयाने चालू होता. साष्टीतील देवालये १५६७ मध्ये पाडली गेली. एतद्देशीय धर्मग्रंथ जप्त होत होते. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथसंग्रहात रामायण-महाभारतातील कथांची कोंकणी व मराठी हस्तलिखिते रोमन लिपीत उतरलेली आढळतात. जे ग्रंथ लोकांच्या हातून काढून घेतले जात होते, तसल्याच ग्रंथांच्या आधारे धर्मोपदेशक भाषा शिकत होते, असा यावरून निष्कर्ष निघतो. ‘क्रिस्तपुराणा’च्या प्रारंभी एक नवख्रिस्ती गृहस्थ जुन्या पुराणांच्या जागी दुसरे काही वाचावयास असावे, अशी मागणी करतो. या मागणीत ग्रंथाचे प्रयोजन व्यक्त झाले आहे. त्याचबरोबर बंदीने निर्माण केलेली पोकळीही नोंदली गेली आहे.

पुढे १६८४ च्या राजाज्ञेने ख्रिस्ती प्रजेस मातृभाषा तीन वर्षांत सोडण्यास फर्माविले. ‘क्रिस्तपुराणा’ची तिसरी आवृत्ती १६५४ मध्ये निघाली होती, त्यानंतर ते पुन्हा छापले गेले ते थेट १९०७ मध्ये, मंगळूर येथे. मधल्या अडीचशे वर्षांत ते हस्तलिखितांच्या व वाचनाच्या द्वारे ख्रिस्ती कुटुंबांत जिवंत राहिले. जी भाषा राजसत्तेने त्याज्य ठरविली, तिच्यातील एका परकीयाचे काव्य लोकांनी आपले म्हणून जपले.

परभाषेतील निर्मितीची खरी कसोटी येथे लागते. निर्दोष प्रयोग हे व्युत्पत्तीचे लक्षण आहे. परंतु त्या भाषेचे लोक ग्रंथ आपल्या घरात ठेवतात, मोठ्याने वाचतात आणि पुढील पिढीच्या हाती देतात, तेव्हाच लेखक त्या भाषेचा झाला असे म्हणता येते. स्टीफन्स या कसोटीस उतरले. तथापि, त्यांच्या यशाचे श्रेय देताना ज्या नामशेष होत असलेल्या ग्रंथांनी त्यांना घडविले, त्यांचे ऋणही इतिहासाभ्यासकाने नोंदविले पाहिजे.