डॉक्टरांच्या बॅगेतून मॉर्फिन कसं गेलं

फॅमिली डॉक्टर म्हणजे आपल्याकडे घरातलाच माणूस. पण कर्करोग हाताबाहेर गेला, मोठ्या हॉस्पिटलनं ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलं, की या घरच्या डॉक्टरांनी करायचं काय? आज आपण या प्रश्नाचा इतिहास बघतो आहोत, आणि तो बराचसा एका औषधाचा इतिहास आहे.

सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्यांचं सांगणं साधं होतं: वेदना उसळायची वाट बघू नका, ठरलेल्या वेळी मॉर्फिन तोंडावाटे देत राहा. शिवाय रुग्णाचं दुखणं नुसतं शरीराचं नसतं. त्यात भीती असते, पैशाची काळजी असते, मागे राहणाऱ्यांची चिंता असते. देह आणि मन वेगळे की एक, यावर आम्ही वर्षानुवर्षं वर्ग घेतले. या बाईंनी तो प्रश्न रुग्णाच्या खाटेपाशी बसून सोडवायला घेतला!

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हीच पद्धत तीन पायऱ्यांत मांडली. गोळी तोंडावाटे, घड्याळ लावून. म्हणजे बघा, हे काम आता साधा डॉक्टर रुग्णाच्या घरी करू शकत होता.

आणि नेमका त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ साली, आपल्याकडे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला. हेतू चांगलाच होता. पण शिक्षा दहा वर्षांपासून पुढे, प्रत्येक राज्याचे नियम निराळे, आणि परवाने एक नव्हे, अनेक. औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७ पर्यंत देशातला त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. इकडे नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्यानं अफू पिकत होती, परदेशी जात होती.

आमचे थोरले बंधू याच काळात गेले. डॉक्टर रोज संध्याकाळी येत, उशाशी बसत. वहिनी म्हणायच्या, ‘अहो, काहीतरी द्या ना!’ ते मान खाली घालत. आम्ही त्यांच्यावर फार रागावलो होतो. कायदा वाचला तो पुष्कळ नंतर.

मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन होतं, पण तिथे खाटा किती असणार? वाट दाखवली ती केरळनं. १९९३ साली कोळिकोडला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आदींनी वेदनाशमन केंद्र काढलं. पुढे शेजारीपाजारीच स्वयंसेवक झाले, नर्स घरोघर जाऊ लागल्या, आणि २००८ मध्ये राज्यानं त्याचं धोरणच केलं.

मूळ कायदा २०१४ मध्ये दुरुस्त झाला, परवान्यांचं जंजाळ कमी झालं. पण मधल्या तीस वर्षांत डॉक्टरांच्या पिढ्या मॉर्फिन न लिहिताच शिकल्या होत्या. आमच्या बंधूंचे डॉक्टर तोवर निवर्तले होते. त्यांना हे सांगायचं राहिलं.