पाणीपट्टी कोण ठरवतं? भंडाऱ्याच्या पाण्याचा जुना हिशेब

पाणीपट्टीची पावती घरातल्या सगळ्यांनी पाहिलेली असते, वाचलेली कोणीच नसते. मीही वाचली नव्हती. माझं पीएचडीचं काम वैनगंगेच्या पाण्याच्या गुणवत्तेवर, म्हणजे बाटल्या, नमुने आणि प्रयोगशाळा. एकदा गाईड मॅडमनी सहज विचारलं, "हे पाणी शुद्ध करायचा खर्च कोण देतं?" मी म्हटलं, नगर परिषद. "तिला कोण देतं?" लोक. "किती, आणि ते कोणी ठरवलं?" इथे माझी गाडी अडकली. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला कायद्याची पुस्तकं उघडायला लावणारा प्रश्न होता. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर असा एखादा प्रश्न तुमच्याही वाट्याला येईल, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात शहरापासून करू नका, गावापासून करा. भंडारा हा तलावांचा जिल्हा. इथले मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, बहुतेक कोहळी समाजाने बांधले. त्या तलावांच्या पाण्याला दर होता का? रुपयात नव्हता. गावकरी पाळीची दुरुस्ती करत, गाळ काढत, पाट साफ करत, आणि त्या बदल्यात धानाला पाणी मिळे. हा निस्ताराचा हक्क वाजिब-उल-अर्ज नावाच्या गावच्या दस्तऐवजात नोंदलेला असे. म्हणजे किंमत होतीच, फक्त ती श्रमात मोजली जायची. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, १९५१पासून तलाव सरकारजमा झाले. मग सरकारने सिंचनाची पाणीपट्टी लावली. लोक म्हणाले, आमच्या आजा-पणजांनी बांधलेल्या तलावाचे पैसे आम्ही सरकारला का द्यायचे? सरकारचं उत्तर सरळ होतं, तलाव आता आमचा, देखभाल आमची. देखभाल किती झाली ते गाळाने भरलेले तलाव पाहून तुम्हीच ठरवा. पण मुद्दा लक्षात घ्या. दर लागला आणि श्रम सुटले, हे दोन्ही एकाच वेळी घडलं. पाण्याच्या दराचा इतिहास वाचताना 'किती' या प्रश्नाआधी 'कशाच्या बदल्यात' हा प्रश्न विचारायचा, हे मला इथे कळलं.

आता शहर. भंडाऱ्याची नगरपालिका १८६७ची. जुनी माणसं तिला अजून 'कमिटी' म्हणतात, आणि ते चुकीचं नाही, कारण मध्य प्रांताच्या कायद्यात शब्दच म्युनिसिपल कमिटी असा होता. त्यातला आपल्या कामाचा कायदा १९२२चा. त्यात कमिटीला लावता येणाऱ्या करांची लांबलचक यादी आहे. जकात आहे, घरावरचा कर आहे, आणि पाण्याचा 'रेट' आहे. तोही कमिटी पाणी पुरवत असेल तरच. 'टॅक्स' नव्हे, 'रेट'. त्याच यादीत संडासावरचा वेगळा कर आहे. खासगी संडास किंवा आवार कमिटीची माणसं साफ करत असतील तर तो द्यायचा.

इथे थोडं थांबा. आपण ज्याला आज मलनिःसारणाचा दर म्हणतो त्याचा या भागातला पूर्वज म्हणजे हा संडास कर. पाइप नव्हते, गटार योजना नव्हती. सेवा म्हणजे पहाटे टोपली घेऊन येणारा माणूस. कराचा हिशेब घराघरांवर बसवला जाई, पण ज्याच्या डोक्यावर ती टोपली होती त्याच्या आरोग्याची, अपमानाची किंमत त्या हिशेबात कुठल्याच रकान्यात नव्हती. दर स्वस्त होता, कारण जातीने ते काम कोणाच्या तरी गळ्यात आधीच मारलेलं होतं. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा केंद्राचा पहिला कायदा १९९३ साली आला आणि दुसरा, अधिक व्यापक, २०१३ साली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला 'बाह्य खर्च' म्हणतात. मला तो शब्द इथे फार सभ्य वाटतो.

१९२२चा हा कायदा गमतीदारपणे चिवट निघाला. भंडारा मध्य प्रांतात होतं, मग मध्य प्रदेशात, १९५६मध्ये मुंबई राज्यात आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. राज्यं बदलली, नगरपालिकेचा कायदा तोच. तो बदलला महाराष्ट्राच्या १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाने. तुमच्या घरच्या पावतीवरचे बरेच शब्द या अधिनियमातून आले आहेत. एकत्रित मालमत्ता कर, आणि त्याच्या पोटात सर्वसाधारण पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, स्वच्छता कर. त्याशिवाय विशेष पाणीपट्टी, जी एखाद्याच्या घरी प्रत्यक्ष पाणी दिल्याबद्दल घ्यायची.

हा फरक बारीक दिसतो, पण सगळं राजकारण त्यातच आहे. सर्वसाधारण पाणीपट्टी घराच्या मूल्यावर बसते, म्हणजे मोठ्या घराने जास्त द्यायचं, पाणी किती वापरलं त्याच्याशी संबंध नाही. विशेष पाणीपट्टी नळावर बसते. पहिली कर आहे, दुसरी शुल्काच्या जवळ जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४च्या शिरूर मठ खटल्यात कर आणि शुल्क यांतला भेद मांडला तो साधारण असा, की कर देताना बदल्यात अमुक सेवा मिळेलच असं म्हणता येत नाही, शुल्काच्या मागे मात्र सेवा उभी लागते. छोट्या शहरांत मीटर नव्हते, त्यामुळे विशेष पाणीपट्टी नळाच्या जाडीवरून ठरू लागली. अर्धा इंची नळ, पाऊण इंची नळ, वर्षाला ठोक रक्कम. मग कोणी मोटर लावून टाकी भरली काय किंवा कोणी दोन गुंड भरले काय, रक्कम तीच.

दर ठरतो कसा? अधिकारी खोलीत बसून ठरवत नाही. सभेत ठराव लागतो, नियमांचा मसुदा लागतो, तो जाहीर करून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात, मग वरची मंजुरी. म्हणजे पाण्याचा दर वाढवणारा हात नगरसेवकाचा असतो, आणि त्याच हाताला पुढच्या निवडणुकीत मतं मागायची असतात. दर वर्षानुवर्षं का हलत नाहीत याला वेगळं संशोधन लागत नाही.

मग इतकी वर्षं भागलं कसं? जकातीवर. गावात येणाऱ्या मालावरची जकात हा नगरपालिकांचा खरा कणा होता. तिच्यातून पाण्याचा तोटा भरून निघे, आणि कोणाला कळतही नसे. १९९९ साली राज्याने नगर परिषदांची जकात बंद केली आणि बदल्यात सहायक अनुदान सुरू केलं. त्याच वर्षी १ मेला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे आपल्याकडे त्या वर्षाची आठवण बहुतेकांना जिल्हा विभाजनाची आहे. पण जकात गेल्यावर कमाईची किल्ली गावाच्या हातून मुंबईकडे गेली. पुढे २००५च्या केंद्रीय नागरी योजनांनी अट घातली की सात वर्षांत पाणीपुरवठ्याचा चालू खर्च वापरकर्त्यांच्या शुल्कातून निघाला पाहिजे. त्याच वर्षी राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, आणि नदी-धरणातून उचलायच्या कच्च्या पाण्याचे ठोक दर ते ठरवू लागलं.

आता थोडं आपलं गणित करू. पाच जणांचं घर, माणशी दिवसाला १३५ लिटर या शहरी मापदंडाने. वर्षाला साधारण २४६ घनमीटर पाणी झालं. ते नदीपासून टाकीपर्यंत एकूण ४० मीटर उचलायचं धरा, पंपाची कार्यक्षमता ६० टक्के. घनमीटरमागे ०.१८ युनिट, म्हणजे वर्षाला जेमतेम ४५ युनिट वीज. वाटेत ४० टक्के पाणी गळत असेल तर ७५. मी हे तीनदा तपासलं, कारण आकडा फार लहान वाटला. पाण्याचा एक जादा गुंड उचलायला जवळजवळ काहीच लागत नाही. खर्च आहे तो टाकीचा, पाइपांचा, शुद्धीकरण केंद्राचा, माणसांच्या पगाराचा, आणि तो तुम्ही पाणी वापरा न वापरा चालूच राहतो. मग हा स्थिर खर्च कोणी किती वाटून घ्यायचा हा प्रश्न मीटर सोडवत नाही. मीटरच्या विरोधात मी नाही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि टप्प्याटप्प्याचे दर लावून चोवीस तास पाणी दिलं, छोट्या गावाला ते जमतं हे दाखवलं. पण तिथेही आधी पाइप नीट झाले. गळक्या जाळ्यावर मीटर लावला तर गळती थांबत नाही, फक्त भांडणं वाढतात.

आणि सांडपाणी. मापदंड सांगतो की घरात आलेल्या पाण्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. जिथे गटार योजना पूर्ण आहे तिथे पाण्याच्या बिलाच्या काही टक्के असा दर लावता येतो. जिथे घरामागे सेप्टिक टँक आणि समोर नाली आहे, तिथे तो स्वच्छता करात मुरलेला असतो. पण भंडाऱ्याचा खरा पेच वेगळाच आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत. अंभोरा भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे खरं तर त्रास व्हायला नको. पण गोसेखुर्द धरण भरलं की फुगवटा मागे सरकतो, वाहती नदी तळ्यासारखी उभी राहते आणि दूषित पाण्याची तक्रार भंडारा शहरापर्यंत येते. नागपूरकराने जे शुद्ध करायचे पैसे दिले नाहीत, ते भंडारेकराच्या शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीनच्या रूपाने खर्ची पडतात. १९२२च्या यादीत, १९६५च्या यादीत, आणि आमच्या घरच्या पावतीवरही या रकमेसाठी ओळ नाही. माझे नमुने आता मी धरणाच्या पातळीनुसार दोन गटांत लावतोय, फुगवटा असतानाचे आणि नसतानाचे. दोन्ही गटांत पाणी शुद्ध करायला लागणाऱ्या रसायनाच्या मात्रेचा फरक काढला की त्या ओळीत काय लिहायचं ते किलोत तरी सांगता येईल.