राधानाथबाबूंचा त्रिकोण

दिवाळीच्या फराळाच्या ताटात गणित वाढणे म्हणजे चिवड्यात खडे मिसळणे, असे कोणी म्हणेल. तरीही वाचकांनी थोडा धीर धरावा, अशी माझी विनंती आहे. मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवले. नववी-दहावीच्या वर्गात एक प्रश्न दर वर्षी न चुकता येई : ‘सर, ही त्रिकोणमिती पुढे आमच्या काय उपयोगाची?’ या प्रश्नाला मी उपदेशाने कधीच उत्तर दिले नाही. मी एका बंगाली तरुणाची हकीकत सांगत असे. तीच आज सांगतो.

१८०२ साली विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक रेषा साखळीने अतिशय काळजीपूर्वक मोजून घेतली. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले, की उरलेल्या दोन बाजू कागदावर काढता येतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभारायचे आणि असे करीत करीत सारा देश त्रिकोणांच्या जाळ्यात पकडायचा, अशी ही योजना होती. लॅम्बटनला तिचा शेवट पाहायला मिळाला नाही. १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. पुढे हे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले.

कोन मोजणारी माणसे एव्हरेस्टला मिळत होती. अडत होते ते आकडेमोडीपाशी. पृथ्वी गोल, म्हणून तिच्यावरचे मोठे त्रिकोणही सपाट कागदावरच्यासारखे वागत नाहीत. गोलावरची त्रिकोणमिती जाणणारा तरुण त्याला हवा होता. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील गणिताचे अध्यापक टायटलर यांनी आपल्या एका विद्यार्थ्याचे नाव सुचविले : राधानाथ शिकदार. १८३१ च्या डिसेंबरात राधानाथ सर्वेक्षण खात्यात रुजू झाला, तेव्हा त्याचे वय अठरा वर्षांचे होते. त्याच्या हुद्द्याचे नाव होते ‘कॉम्प्युटर’! आज ज्या शब्दाने आपण यंत्र ओळखतो, तो त्या काळी हिशेब करणाऱ्या माणसाला लावीत.

मुलांनो, येथे क्षणभर थांबा. वशिला नाही, जहागीर नाही, राज्य परक्यांचे. अशा वेळी अठरा वर्षांच्या पोराच्या हाती होती ती एकच गोष्ट, वर्गात मन लावून शिकलेली त्रिकोणमिती. पुढे राधानाथबाबू डेप्युटी कलेक्टर होण्यासाठी दुसऱ्या खात्यात जायला निघाले, तेव्हा एव्हरेस्टने त्यांना सोडले नाही. त्यांच्यावाचून त्याचे काम अडणार होते!

एव्हरेस्ट १८४३ साली निवृत्त झाला. त्याच्यानंतर अँड्र्यू वॉ याच्या कारकिर्दीत हिमालयाची शिखरे मोजण्याचे काम झाले. नेपाळात जाण्याची परवानगी नव्हती. म्हणून शंभराहून अधिक मैलांवरच्या सपाट मैदानातून शिखरांचे कोन घ्यावे लागले. एकशे दहा मैलांवरून पाहिले, तर केवळ पृथ्वीच्या गोलाईमुळे शिखर सुमारे आठ हजार फूट खाली गेल्यासारखे दिसते. उलट हवेतून येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे ते हजारभर फूट वर उचलल्यासारखे भासते. हे सारे जमाखर्च मांडून खरी उंची काढायची होती. तोवर राधानाथबाबू कलकत्त्याच्या कचेरीत मुख्य गणक झाले होते. १८५२ च्या सुमारास ‘पंधरा क्रमांकाचे शिखर’ सर्वांत उंच ठरले. हे काम एकट्या माणसाचे नव्हते, अनेकांचे हात त्याला लागले. पण गणिताच्या बाजूचा मोठा भार राधानाथबाबूंवर होता. १८५६ मध्ये उंची जाहीर झाली : २९,००२ फूट. २०२० साली उपग्रहांची मदत घेऊन चीन आणि नेपाळ यांनी जाहीर केलेली उंची सुमारे २९,०३२ फूट भरते. पायथ्याशीही न जाता काढलेल्या उत्तरात फरक अवघा तीस फुटांचा!

शिखराला नाव मात्र एव्हरेस्टचे मिळाले. एवढ्यावरच भागले नाही. सर्वेक्षणाच्या मार्गदर्शक ग्रंथातील गणिताचा भाग राधानाथबाबूंचा, हे १८५१ च्या आवृत्तीत मोकळेपणाने मान्य केलेले होते. १८७० साली ते वारले आणि १८७५ च्या आवृत्तीतून तो उल्लेख गाळला गेला. त्यावर १८७६ मध्ये ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या इंग्रजी पत्रातच टीका झाली. गणित शिकले की कीर्ती मिळते, असे मी म्हणूनच मुलांना कधी सांगितले नाही. नाव पुसता येते. बरोबर आलेले उत्तर मात्र कोणालाच पुसता येत नाही.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे कोवळ्या वयातच कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला लागले आणि पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. टिळक आणि आगरकर त्यांचे विद्यार्थी. ज्या पंचांगात पाहून आपण दिवाळीचा दिवस ठरवितो, ते आकाशाशी जुळावे म्हणून केरूनानांनी खटपट केली.

आता हिशेब यंत्र करते, मग आम्ही कशाला शिकावे, असे मुले विचारतील. खिशातला फोन आपले ठिकाण सांगतो, तो उपग्रहांपासूनची अंतरे मोजून. म्हणजे लॅम्बटनचीच भूमिती आकाशात गेली आहे. पण यंत्राला कोणता हिशेब करायचा हे सांगणारा आणि उत्तर चुकले तर ओळखणारा माणूस लागतोच. पूल बांधणारा, हवामान सांगणारा, विम्याचे दर ठरविणारा, औषधाची मात्रा तपासणारा, लेथवर लोखंड कापणारा, या साऱ्यांची भाकरी त्याच विद्येवर भाजली जाते.

राधानाथबाबूंना त्रिकोण शिकताना हिमालय दिसत नव्हता. तुम्हालाही आज तुमचे शिखर दिसणार नाही. सुट्टी संपली, की वही उघडा. तोवर करंज्या खा!