फूल, दोन पाने आणि कौल

निवडणुकीचे निकाल लागले की मराठी वर्तमानपत्रांना ‘कौल’ आठवतो. स्पष्ट कौल, संमिश्र कौल, सत्तांतराचा कौल. मतदार देतो तो कौल, हे आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही उलटे झाले आहे हे ध्यानातही येत नाही. जुन्या कागदांत हा शब्द शोधला तर देणारा आणि घेणारा नेमके जागा बदलून उभे असतात.

शब्द मूळचा अरबी. कौल म्हणजे बोल, दिलेले वचन. कव्वाल आणि कव्वाली त्याच धातूतले. फारसीच्या वाटेने तो दख्खनच्या दफ्तरांत आला आणि मराठी कारभारात ठाण मांडून बसला. दुष्काळाने किंवा फौजांच्या धामधुमीने गाव ओस पडले की सरकार रयतेला कौल देई: परत या, जमीन कसा, पहिली वर्षे सारा हलका, मग दरसाल थोडा थोडा चढता. त्या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत आणि हमीच्या कागदाला कौलनामा. वेढ्यात कोंडलेल्या गडकऱ्यांनाही जिवाच्या हमीचा कौल मिळे. म्हणजे कौल द्यायचा सत्तेने, घ्यायचा खालच्याने.

कोकणात आणि गोव्यात हाच शब्द देवळात गेला. देवाला कौल लावतात. गाऱ्हाणे घालून देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर काम मार्गी लागणार, डावी पडली तर थांबायचे. गोव्यात यालाच प्रसाद घेणे म्हणतात आणि देवळागणिक रीत थोडी बदलते. बोल इथेही वरूनच येतो. पण प्रश्न आता खालून विचारला जातो, आणि तो दुपेडीच असावा लागतो. सोयरीक जमवू की मोडू? विहीर इथे खणू की तिथे? ‘तुझे एकंदर मत काय’ असे देवाला कुणी विचारत नाही.

(छपरावरचे कौल निराळे, त्याचे नाते संस्कृत कपालाशी जोडतात. इंग्रजीतल्या ‘पोल’चा जुना अर्थही डोके हाच, मते मोजायची म्हणजे डोकी मोजायची. योगायोग मजेदार आहे. त्यावर व्युत्पत्तीचे घर बांधू नये इतकेच.)

देवळातला हा दुपेडी कौल राजकारणात जसाच्या तसा उतरला तो १६ जानेवारी १९६७ रोजी. गोवा १९ डिसेंबर १९६१ला मुक्त झाला, १९६३ला तिथे पहिली निवडणूक झाली, आणि महाराष्ट्रात विलीन होण्याचा आग्रह धरणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) भाऊसाहेब बांदोडकरांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आला. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष. निवडणुकीतला विजय म्हणजेच विलीनीकरणाला संमती, असे मगोचे म्हणणे. नाही, तो प्रश्न वेगळा विचारा, असे विरोधकांचे. संसदेने डिसेंबर १९६६मध्ये त्यासाठी कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आणि स्वतंत्र भारतात कधी न झालेली गोष्ट झाली: एका प्रदेशाने शेजारच्या राज्यात जायचे की नाही, हे तिथल्या मतदारांना सरळ विचारले गेले. चिन्हे दोन. विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. ज्या मुलखात पाकळीवर निर्णय होतात तिथे मतपत्रिकेवर फूल यावे, हे कुणी ठरवून केले असेल असे वाटत नाही; पण गोवेकराला ते अनोळखी नक्कीच वाटले नसेल.

इंग्रजीत याचे नाव ‘ओपिनियन पोल’, मराठी-कोंकणीत ‘जनमत कौल’. इंग्रजी नाव आज फसवे वाटते, कारण ओपिनियन पोल म्हणजे निवडणुकीआधीचा अंदाज, त्याला आपण जनमत चाचणी म्हणतो. चाचणीत चुकले तरी चालते. मराठी नावाने मात्र बरोबर जागी बोट ठेवले होते. कौल म्हटला की तो पाळायचा.

आता दुसरा शब्द, ज्यावर सारा वाद पेटला: विलीनीकरण. ‘ली’ या धातूचे गोत्र मोठे आहे. लीन, तल्लीन, लय, विलय, प्रलय, आणि आलयसुद्धा. चिकटणे, टेकणे, आत जाऊन विसावणे, विरघळणे अशा त्याच्या छटा. म्हणून एकाच धातूतून घरही निघते आणि जलप्रलयही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला रात्री पाण्यात मीठ टाकायला लावतो आणि सकाळी ते परत मागतो. ते सापडत नाही, कारण ते ‘विलीन’ झालेले असते. मग वरून, मधून, तळातून पाणी चाखायला सांगतो, सगळीकडे खारट. गोव्यातल्या दोन्ही बाजू नकळत याच गोष्टीवर भांडत होत्या असे मला वाटते. विलीनीकरणवादी म्हणत, चव कुठे जाते? भाषा, देव, नाती सगळी एकच आहेत. विरोधक म्हणत, पाण्यातले मीठ परत दाखवा.

राजकीय मराठीत हा शब्द रुळला तो संस्थानांमुळे. आधी सामीलनामा, मग विलीनीकरण, असे ते दोन टप्पे होते. सामील होताना राजा गादीवर राहत असे, विलीन होताना गादी जाई. दक्षिणी संस्थाने ८ मार्च १९४८ला मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ला, बडोदे त्याच वर्षी १ मेला. राजांच्या बाबतीत लोकांना या शब्दाचे दुःख नव्हते. विरघळत होता तो दरबार. तोच शब्द उचलून गोव्यातल्या माणसांना लावला, तेव्हा विरघळायची पाळी त्यांची होती. मोहीम चालवणाऱ्यांना हा फरक जाणवला नाही, ही शब्दाची निवड चुकल्याची खूण आहे.

कारण दुसरा शब्द हाताशी होता, आणि तोही घरचाच. महाराष्ट्राने स्वतःसाठी ‘संयुक्त’ निवडला होता. युज् म्हणजे जुंपणे. जू, योग त्याच घरातले. जुंपलेल्या दोघांत दोघेही दिसतात. संयुक्त महाराष्ट्र म्हणताना विदर्भ, मराठवाडा, कोकण कुणी पुसले जात नव्हते. आणि जे नको होते त्याला केवढे बोजड नाव होते: महाद्विभाषिक! १९५६मध्ये गुजरातीभाषकांशी बांधलेल्या त्या विशाल मुंबई राज्यात राहायचे नाही, हे पश्चिम महाराष्ट्राने १९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मते देऊन सांगितले. दहा वर्षांनी त्याच महाराष्ट्रातले पुढारी गोव्याला विलीन व्हायला सांगत होते. आपल्याला जोडणी हवी होती तेव्हा संयुक्त, दुसऱ्याची वेळ आली तेव्हा विलीन.

तिसरा शब्द ‘संघ’. गोव्यापुढचा दुसरा पर्याय म्हणजे केंद्रशासित, अर्थात संघप्रदेश राहणे. पाणिनीने संघ हा शब्द हन् धातूवरून साधला आहे, म्हणजे एकत्र ठोकून घट्ट केलेला समूह. घटनेच्या मसुद्यावर बोलताना आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८मध्ये ‘युनियन’ का, ‘फेडरेशन’ का नाही, हे स्पष्ट केले होते: हा संघ राज्यांनी आपसांत करार करून झालेला नाही, आणि म्हणून कुणाला फुटून निघण्याचा अधिकार नाही. ठोकून घट्ट केलेले, या अर्थाला ते अगदी धरून आहे. गोव्याच्या मतपत्रिकेवर भारताबाहेर राहण्याचा प्रश्नच नव्हता. राष्ट्र कोणते हे ठरलेले होते. राष्ट्रात शिरताना दरवाजा कोणता, एवढेच विचारले होते.

निकाल: दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. सासष्टीत पानांची लाट होती, पेडणे-डिचोलीकडे फूल पुढे. धर्म आणि जात यांचा हिशेब त्यात होताच; कुळे, जमीनमालकाच्या जागेत राहणारे मुंडकार, बहुजन समाज मोठ्या संख्येने मगोमागे होता, ख्रिस्ती समाज बहुतांशी विरोधात. पण नुसत्या त्या हिशेबाने आकडे जुळत नाहीत, हिंदूंचीही बरीच मते पानांना पडली असल्याखेरीज हा निकाल लागत नाही. नोकऱ्या बाहेरच्यांकडे जातील ही धास्ती होती. महाराष्ट्रातली दारूबंदी गोव्यात येईल ही तर जास्तच. आणि सगळ्यांत मार्मिक बाब अशी की विलीनीकरणाविरुद्धचे एक प्रभावी हत्यार मराठीतच परजले गेले. चंद्रकांत केणींच्या संपादकत्वाखालचे ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक होते आणि त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर मराठी वाचकालाच गाठत होते. मराठी वाचायचे, मराठीत आरत्या म्हणायच्या, आणि मत मात्र पानांना द्यायचे. पुण्या-मुंबईला यात विसंगती दिसली. गोव्याला दिसली नाही.

त्याहून गंमत मार्चमध्ये झाली. विलीनीकरण नाकारून तीन महिनेही झाले नव्हते तोवर गोव्याने विधानसभेच्या निवडणुकीत पुन्हा मगोलाच सत्ता दिली, बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. पक्ष आवडतो, त्याचे मुख्य ध्येय आवडत नाही. जाणकार लोकांना हे न उलगडणारे कोडे वाटते. मला त्यात देवळातली जुनी शिस्त दिसते: एका कौलात एकच प्रश्न.

गोव्यात १६ जानेवारी ‘अस्मिताय दिस’ म्हणून पाळतात. अस्मिता हा शब्दही सरळ नाही. ‘अस्मि’, मी आहे, याला ता लावून झालेला हा शब्द योगसूत्रात पाच क्लेशांपैकी दुसरा आहे, अविद्येच्या पाठोपाठ. पाहणारा आणि पाहण्याचे साधन एकच वाटू लागणे म्हणजे अस्मिता. योग्याने सोडायची ती गोष्ट. गुजरातीत कन्हैयालाल मुन्शींनी ‘गुजरातनी अस्मिता’ रुळवली, मराठी राजकारणाने ती आनंदाने स्वीकारली, आणि क्लेशाचे भूषण झाले. पतंजलीला हे कळते तर तो काय म्हणता, हा प्रश्न इथे गौण आहे. १९६७च्या गोव्यात त्याने सोडायला सांगितलेले लोकांनी घट्ट धरले आणि ३० मे १९८७ला गोव्याचे घटक राज्य झाले.

विलीनीकरणाला पुढे बँका आणि पक्ष मिळाले, आणि शब्द थोडा बेचव झाला. मग २०२१च्या शेवटी तो अचानक पुन्हा रस्त्यावर आला. एसटीचे कर्मचारी संपावर गेले आणि त्यांची मुख्य मागणी होती महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण. इथे विरघळायला निघालेला स्वतःच आग्रही होता आणि पाणी नको म्हणत होते. कारण विरघळल्यावर सरकारी वेतनश्रेणी मिळणार होती, आणि गमवावे असे महामंडळाकडे त्यांना काही दिसत नव्हते. सरकारने नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल दिला.