विनावेतन कामगारांचें संघटन

संगणक ज्या मूळ प्रणालीवर चालतो, ती कोणासहि मोफत मिळावी व सुधारतां यावी, या हेतूनें १९९३ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक यानें ‘डेबियन’ प्रकल्प जाहीर केला. लिनक्सचा गाभा आयता होता. त्याभोंवतीं बाकीची रचना स्वयंसेवकांनीं करावयाची होती. वेतन कोणासच नाहीं, तेव्हां हुकूम तरी कोणीं कोणास करावा? तोड निघाली ती अशी, कीं प्रणालीचे ‘पॅकेज’ नांवाचे लहान लहान संच पाडावे आणि एकेकाची जोखीम एकेकानें नांवानिशीं पत्करावी. १९९७ त ध्येयांची सनद झाली, १९९८ त घटना.

पण माणसें वाढलीं, तशी खरी अडचण उभी राहिली. जो संच चढवितो, त्याच्या हातीं सहस्रावधि यंत्रांच्या किल्ल्याच असतात! अनोळखी मनुष्यावर एवढा विश्वास टाकावा कसा? १९९९ त नव्या सभासदांचा प्रवेशच थांबविण्यांत आला. सर्वांसाठीं म्हणून निघालेल्या संस्थेनें दार लावून घ्यावें, हें विपरीतच. २००० सालीं तें उघडलें, पण उंबरठ्यावर परीक्षा बसली: जुन्या सभासदाची शिफारस, ओळखीची खातरजमा, तत्त्वांविषयीं प्रश्न, कामाचा नमुना. परीक्षकहि अर्थात् स्वयंसेवकच. त्यांस सवड होईपर्यंत उमेदवारानें तिष्ठत राहावें.