म्हण आणि तपासणी

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत विसराळूपणावर पडदा टाकला जातो. ही म्हण ऐकली की मला ५१ वर्षांची आउगुस्टे डेटर आठवते. १९०१मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला स्वतःचं, मग नवऱ्याचं नाव विचारलं. दोन्हींना उत्तर एकच, ‘आउगुस्टे’. डॉक्टरांनी सारं लिहून ठेवलं. १९०६मध्ये ती वारली, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या मेंदूत गुंते दिसले.

आजही तपासणी प्रश्नांपासूनच सुरू होते: आज वार कोणता? मघाशी सांगितलेले तीन शब्द कोणते? घरच्यांनाही विचारतात. शिवाय थायरॉइड, बी-१२, नैराश्य तपासतात. त्यांतून आलेलं विस्मरण उपचारांनी सुधारू शकतं. म्हणीवर विसंबलो, तर ही संधीच हुकते.